तिघं हितंच गेलं

शनिवार पेठ, सातारा
१७ नोव्हेंबर १९७४

अक्का,

पाया पडतो. हे पत्र चुलीत घालण्याआधी एकदा वाच, मग खुशाल घाल.

भाऊबीजेला हरिपूरला आलो नाही म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडत असशील, हे मला इथं बसून दिसतंय. पण मी तरी काय करू? दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची माणसं गावी येतात आणि त्यांना सातारा बघायचा असतो. यंदा राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाल्यापासून इथं इतिहासाचं नुसतं पेव फुटलंय. जो भेटतो तो विचारतो, 'हवालदार, फेरी कधी?' पलटणीतून सुटल्यापासून मी नुसता ओट्यावर बसून होतो. तुझी भावजय गेल्यावर तर ओटासुद्धा नकोसा झाला होता. आता दर रविवारी सकाळी राजवाड्यासमोर शिट्टी फुंकली की तीसचाळीस माणसं रांगेत उभी राहतात. पुन्हा कुणीतरी माझं ऐकायला लागलंय, अक्का.

फेरी सगळी पायी. राजवाड्यावरून मंगळवार तळं, मग फुटका तलाव, मग बोळाबोळानं माची पेठेचा चढ. शहरातल्या माणसांना चढावर धाप लागते. अशा वेळी मी 'आराम से!' म्हणून सगळ्यांना थांबवतो आणि एखादी लढाई सांगतो. लढाई संपेपर्यंत त्यांचा श्वास जाग्यावर येतो. येताना कंदी पेढे घेऊन जा म्हणूनही सांगतो, त्यामुळे पेढेवाले माझ्यावर खूश आहेत.

शेवटचा मुक्काम माची पेठेत बनुबाईच्या घरामागच्या परड्यात. ही सत्तरी ओलांडलेली म्हातारी, घरात एकटीच, कानानं फार कमी. तिच्या परड्यात जमिनीसरशी एक मोठा गोल दगड आहे, हळदकुंकू वाहिलेला. हा कसला दगड म्हणून मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'आमचं तिघं हितंच गेलं, बाबा. लई सालं झाली.' माझ्या अंगावर काटा आला. वर अजिंक्यतारा, खाली हा दगड, आणि तिघं गेलेले! काय ते मी लगेच समजलो. सत्तावन्न सालच्या बंडातले तिघे वीर, मागे गोरे लागलेले, या दगडाखालच्या भुयारातून थेट किल्ल्यावर निसटले. मी हे सांगतो तेव्हा माणसं चपला काढतात, दगडापुढं वाकतात, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट होतो की कावळे उडतात. बनुबाई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत असते. सगळ्यांना गुळाचा खडा आणि पाणी देते. घराण्याचा अभिमान असा असतो बघ.

तू एकदा येच. तुला पुढच्या रांगेत उभी करतो.

तुझा,
नाथा

---

हरिपूर, सांगली
२२ नोव्हेंबर १९७४

नाथा,

आशीर्वाद द्यायचा म्हणून देते. मनात नाही.

भाऊबीजेला ताट करून दिवेलागणीपर्यंत तुझी वाट बघितली आणि शेवटी चंद्राला ओवाळलं. पाठचा भाऊ धडधाकट असताना! शेजारची पारूबाई कुंपणावरून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं नळावर विचारलं, 'काय वं, भावाला काय झालं हाय का?' मी म्हटलं, इतिहास झालाय.

तुझ्या गोष्टी काय मला नवीन आहेत? लहानपणी वाघानं म्हैस नेली म्हणून तू सगळा गाव गोळा केलास. माणसं कुऱ्हाडी घेऊन धावली, आणि म्हैस पाटलाच्या उसात रवंथ करत बसली होती. तेव्हा आबांनी तुला फोकानं झोडपलं. आता तुला झोडपायला कुणी उरलं नाही, वर टाळ्या वाजवायला माणसं मिळाली आहेत.

पण मला एक सांग. ते तिघे निसटले, म्हणजे सुटले. मग म्हातारी रडते कशाला? सुटलेल्या माणसासाठी मी तरी कुणाला रडताना बघितलं नाही. आणि त्या तिघांची नावं काय? फेरीत तू गोऱ्यांच्या घोड्यांचे रंगसुद्धा सांगत असशील, पण नावं काही तुझ्या पत्रात दिसली नाहीत.

आणि म्हणे पेव फुटलंय! पेव कधी डोळ्यांनी बघितलंस का रे? दरवर्षी भाऊबीजेचं जेवून तू आमच्या अंगणात ज्या जागी बाज टाकून घोरतोस, तिच्या पोटात आमची हळद असते. हळद जमिनीत ठेवतात एवढं ऐकून आहेस आणि शब्द मात्र ऐटीत वापरतोस. यंदा दिवाळीत एक पेव उघडलं होतं. आला असतास तर दाखवलं असतं. आता बस फुटक्या तलावावर.

सुनेचं दुसरं बाळंतपण इथंच आहे आणि दिवस भरत आलेत, त्यामुळे मला कुठं हलता येत नाही. थंडी पडली आहे, सकाळचा फिरतोस तर कानाला मफलर बांध.

अक्का

---

शनिवार पेठ, सातारा
३० नोव्हेंबर १९७४

अक्का,

टोमणे मिळाले, पोटभर. म्हातारी रडते ते आनंदानं. हे तुला कळायचं नाही, कारण तू फेरीला आलेली नाहीस.

आता पाटावर नीट बसून वाच. मी तो दगड हलवला!

बनुबाई भाचीकडं रहिमतपूरला गेली आहे. काल मी आणि धोंडिराम, आमच्या पलटणीतला खानसामा, पहार घेऊन परड्यात गेलो. दगड सरकवायला दोघांचा घाम निघाला. खाली तोंड आहे, एक माणूस जेमतेम जाईल एवढंच. पण आत ते घागरीसारखं फुगत गेलंय! भिंती लिंपलेल्या, लिंपणात काड्या दिसतात. वास कुबट, जरा आंबूस. धोंडिरामनं दोरीला कंदील बांधून आत सोडला. पुरुषभर खाली गेला आणि विझला. वर घेऊन पुन्हा पेटवला, पुन्हा तिथंच विझला. तिसऱ्यांदाही तसंच. याचा अर्थ तुझ्या ध्यानात आला का? आत वारा आहे! वारा आहे म्हणजे दुसरं तोंड आहे, आणि दुसरं तोंड किल्ल्यावर नाही तर कुठं असणार? माची पेठ किल्ल्याच्या पायालाच तर आहे.

धोंडिराम म्हणाला, 'हवालदार, मला काय हे बरं वाटंना.' खानसाम्याला काय बरं वाटणार! चुलीपलीकडं त्यानं आयुष्यात काय बघितलंय?

मी राजवाड्यासमोर फळा लिहून ठेवलाय. रविवारी, आठ डिसेंबरला, सर्वांसमक्ष हवालदार नाथाजी भुयारात उतरणार. पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन येतो म्हणालाय. कमरेला दोर बांधून मी एकटा पुढं जाणार, वाट मोकळी असली तर मग बाकीचे. दगड पुन्हा जाग्यावर सरकवलाय आणि बनुबाईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या पूर्वजांची वाट मी उघडली हे तिला त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत कळू दे.

तू उगाच काळजी करशील म्हणून आधी लिहिणार नव्हतो. पण लिहिल्यावाचून राहवलं नाही. सांगायला तुझ्याशिवाय कोण आहे मला?

नाथा

---

हरिपूर
४ डिसेंबर १९७४

नाथा,

पत्र आत्ता मिळालं. उभ्या उभ्याच लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. तुझे दाजी सांगलीला तार करायला सायकलवर गेलेत. तारेत चारच शब्द मावतात, म्हणून हे लिहिते आहे.

उतरू नकोस. ते भुयार नाही, ते पेव आहे. जोंधळ्याचं पेव. आमच्याकडं हळद ठेवतात, तुमच्याकडं जुनी माणसं जोंधळा ठेवायची. तोंड अरुंद, पोट घागरीसारखं, भिंतीला लिंपण, हे सगळं तू स्वतःच्या हातानं लिहिलंस आणि तुला कळलं नाही. बंद पेवातली हवा मरते रे. इथं पेव उघडलं की दिवसभर तोंड उघडं टाकतात. मग कंदील सोडतात. कंदील जळत राहिला तर हमाल उतरतो. विझला तर त्या दिवशी पेवाकडं कुणी फिरकत नाही. तुझा तर तीनदा विझला. विझलेल्या कंदिलाला तू वारा म्हणतोस!

वाऱ्यानं विझणारी ज्योत आधी फडफडते. तुझी फडफडली होती का? आठव. फडफडली, की गप विझली?

मी लग्न होऊन आले त्या साली आमच्या मागच्या मळ्यात एक हमाल उतरला. हाकेला ओ देईना म्हणून दुसरा उतरला. दोघांना आकड्यानं वर काढलं. अंगावर एक ओरखडा नव्हता, झोपल्यासारखे दिसत होते. मी सासूबाईंच्या पदराआडून बघितलं, आणि ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

आता दुसरं. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. म्हातारी काय म्हणाली ते तूच लिहिलंयस. 'हितंच गेलं.' ती 'हितनं गेलं' म्हणाली असती तर ते तिथून निघाले असते. ती म्हणाली हितंच. नाथा, आपल्या घरात आबा गेले, आई गेली, तुझी बायको गेली, तेव्हा आपण काय म्हणालो होतो? ती सगळी कुठल्या किल्ल्यावर गेली?

ती एकटी राहते असं लिहिलंस. तिचा नवरा कधी वारला, कसा वारला, हे तिला एकदा तरी विचारलंस का?

सुनेला कळा सुरू होतील असं दिसतंय, नाहीतर मी स्वतः आले असते आणि त्या दगडावर बसले असते. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

अक्का

---

सातारा
६ डिसेंबर १९७४

अक्का,

तार मिळाली. 'उतरू नको पेव आहे.' तारेतून काही उलगडा होत नाही. पेवात हळद असते, इथं हळद कुठली? साताऱ्याला तुझ्या सांगलीचे नियम लावू नकोस. साठावर माणसांनी नावं दिली आहेत. आता फळा पुसून काय लिहू, बहिणीची तार आली म्हणून? पलटणीत असताना याहून अरुंद जागांतून रांगत गेलोय. दोर पक्का आहे, धोंडिराम वर आहे.

सुनेची खुशाली कळव. रविवारी संध्याकाळी किल्ल्यावरनं उतरलो की पहिलं कार्ड तुला.

नाथा

---

शनिवार पेठ, सातारा
९ डिसेंबर १९७४

अक्का,

मी जिवंत आहे. हे आधी वाच आणि मग बस.

तुझं चार तारखेचं पत्र शनिवारी संध्याकाळी हाती पडलं. वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. राग आला होता तुझा. पण फडफडली की गप विझली, हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

रविवारी माची पेठेतला बोळ माणसांनी भरून गेला. झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. बनुबाई आदल्या दिवशीच रहिमतपूरहून परत आली होती. इतके लोक बघून बिचारी आत घागरीवर घागर भरत होती, सगळ्यांना पाणी पुरायला हवं म्हणून. दगड आम्ही बाजूला केला. सगळ्यांसमोर मी कंदील आत सोडला आणि या वेळी नुसता ज्योतीकडं बघत राहिलो.

ती फडफडली नाही, अक्का. लहान लहान होत गेली आणि गप विझली.

मागून कुणीतरी ओरडलं, 'वारा हाय, बगा, वारा!' आणि टाळ्या पडल्या. मला त्या घटकेला सगळं कळलं होतं. तरी मी कमरेला दोर बांधला. एवढी माणसं बघत होती, आणि माझं ऐकायला जमली होती. मी काठावर बसून दोन्ही पाय आत सोडले. धोंडिराम नको नको म्हणत होता, मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात घागर फुटल्याचा आवाज आला. बनुबाई पाणी घेऊन बाहेर आली होती आणि दगड सरकलेला तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितला. माणसांना ढकलत ती धावली आणि माझ्या काखेत हात घालून मला मागं ओढायला लागली. एवढीशी म्हातारी, पण मला तिनं काठावरून उपसून काढलं. तिचं ओरडणं माझ्या कानात अजून आहे. 'तिघं गेलं की रं! हितंच गेलं की रं! आता चौथा नगं, चौथा नगं!'

मग ती चिखलात बसली आणि सगळं बोलली. मी विचारलं नव्हतं, कुणीच कधी विचारलं नव्हतं, म्हणून एवढी वर्षं राहिलं होतं. 'मानमोडीच्या साली. घरात दाना न्हवता. पेवात जोंधळा हुता. मामंजी दगुड काढून लगीच उतरलं, भूक कुटं दम धरू देती. त्ये बोललं न्हाईत म्हून जोतिबा भावजी उतरलं. मग मालक उतरलं. वर मी दोर धरून हुते. मालकांनी एकडाव दोर हालीवला, आन् मग हालीवला न्हाई.'

मानमोडी म्हणजे अठरा सालची ती तापाची साथ. लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते तिच्या. सत्तावन्न साल नाही, बंड नाही, गोरे नाहीत. तिचा सासरा, तिचा दीर आणि तिचा नवरा. नंतर तो जोंधळा कुणी काढला नाही. बहात्तरच्या दुष्काळात माणसं सरकारी सुकडीवर जगली, तिनंही तेच खाल्लं, पण दगड हलवला नाही. तो मी हलवला.

कॅमेरावाला कॅमेरा पिशवीत घालून निघून गेला. बाकीचेही गेले.

यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवू. मी अगदी पहिल्यांदा परवानगी मागितली तेव्हा तिच्या कानाशी ओरडून म्हणालो होतो, 'आजी, माणसं दर्शनाला आणू का?' तिला वाटलं, तिच्या तिघांच्या दर्शनाला. मी फेरीत काय सांगतो ते तिला कधी ऐकूच गेलं नाही. तिला दिसायचं ते एवढंच, की परगावची चांगलीचुंगली माणसं येतात, चपला काढतात, तिच्या माणसांपुढं वाकतात, आणि भजनात वाजवतात तशा टाळ्या वाजवतात. म्हणून तो गूळ आणि म्हणून ते पाणी. काल सगळे गेल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, 'इतकी सालं त्येंचं नाव कुनी काढलं न्हाई. तू मान्सं आनलीस, बाबा.' आणि अक्का, ती माझ्या पाया पडायला वाकली.

कालपासून घास उतरत नाही. फेरी बंद करतो, शिट्टी मंगळवार तळ्यात टाकतो. तिला खरं सांगू की नको, ते तू सांग. माझं डोकं चालत नाही.

नाथा

---

हरिपूर
१२ डिसेंबर १९७४

नाथा,

तुझं पत्र वाचून मी ओसरीवर तशीच बसून राहिले. तुझे दाजी काय झालं, काय झालं विचारत होते, त्यांच्या हातात पत्रच दिलं. काठावर बसलास! माझं पत्र खिशात ठेवून पाय आत सोडलेस! समोर असतास तर आबांचा फोक मी हातात घेतला असता.

त्या बाईचे हात देवानं लांब केले म्हणून मला भाऊ आहे. तिचं हे मी जन्मात विसरणार नाही.

आता ऐक. दगड पहिल्यासारखा बसवून घे, आजच. फेरी बंद करायची नाही. तू शिट्टी तळ्यात टाकशील आणि म्हातारी रविवारी घागर भरून दाराकडं बघत बसेल. तिची माणसं एकदा गेली, आता पुन्हा घालवायची आहेत का तुला? तू काय सांगत होतास ते तिला सांगू नकोस. तिच्या कानांनी ते ऐकलं नाही, तेवढं बरं झालं. पण लोकांना खरं सांग. नावं घेऊन सांग. नावं माहीत नसतील तर आधी तिच्याकडं जाऊन विचार.

सोमवारी नात झाली. सून बरी आहे. नात रडते अगदी तुझ्या शिट्टीसारखी.

अक्का

---

शनिवार पेठ, सातारा
१५ डिसेंबर १९७४

अक्का,

नातीचं ऐकून चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. तिला माझा आशीर्वाद सांग.

दगड शुक्रवारीच बसवला. धोंडिरामनं कडेनं माती चोपून दिली. मग बनुबाईजवळ बसलो आणि तिच्या कानाशी लागून नावं विचारली. सासऱ्याचं तात्याबा, दिराचं जोतिबा. तिसरं नाव सांगेना. 'मालकांचं कसं घिऊ?' म्हणून पदर तोंडाला लावला. अक्का, छप्पन्न वर्षं झाली त्या माणसाला जाऊन आणि ही नवरीसारखी लाजली. मग तिनं हात माझ्यापुढं केला. मनगटाच्या वर गोंदलेलं होतं, लग्नानंतर जत्रेत गोंदवून घेतलेलं. 'तूच वाच. मला कुटं वाचाया येतंय?' हिरवं फिकट झालंय, कातडीला सुरकुत्या पडल्यात, पण अक्षर लागतं. आकाराम.

आज रविवारी बाराएक माणसंच आली. फेरी नेहमीसारखी केली, पण लढाया जरा हात राखून सांगितल्या. बनुबाईच्या परड्यात गेल्यावर मी सगळं खरं सांगितलं. मानमोडीचं साल, जोंधळा, तिघं एकामागं एक कसे उतरले ते. तिन्ही नावं घेतली. वर दोर धरून कोण होतं तेही सांगितलं. माणसांनी चपला काढल्या, वाकली, आणि उभी राहिली. दोघीतिघींच्या डोळ्यांना पाणी आलं. कुणाचा हात हलला नाही. असलं ऐकून टाळ्या कोण वाजवणार?

माणसं बोळातून उतरायला लागली तेव्हा बनुबाई गुळाची ताटली घेऊन माझ्यापाशी आली. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, 'आज टाळ्या न्हाईत वाजीवल्या?'

तिनं माझी बाही धरली. 'माझ्या मान्सांचं काय चुकलं का, बाबा?'

अक्का, मी पलटणीत माणसं मरताना बघितली आहेत. पण त्या प्रश्नापुढं मला उभं राहवेना. घरी आलो आणि सरळ तुला लिहायला बसलोय. खोटं बोलत होतो तेव्हा ती सुखात होती. खरं बोललो आणि तिला वाटतंय की तिच्या माणसांचा मान गेला. मी आता काय करू?

नाथा

---

हरिपूर
१८ डिसेंबर १९७४

नाथा,

काही करू नकोस. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं मी येते. सुनेची आई इथं आली आहे, बाळबाळंतीण तिच्या हवाली करते. स्टँडवर ये, माझा गुडघा धरलाय.

भाऊबीजेचं निरांजन पिशवीत टाकलंय, ओवाळायचं राहिलंय तुला. आमच्या पेवातली हळद बांधून घेतली आहे, ती त्या दगडाला. तिच्यासाठी एक लुगडंही घेतलंय. तिनं माझा भाऊ ओढून काढला, तिच्या घरी मी रिकाम्या हातानं कशी जाऊ?

रविवारी मला पुढच्या रांगेत उभी करीन असं तूच लिहिलं होतंस. कर. तू खरं तेच सांग, आणि नावं मोठ्यानं घे, तिच्या कानात जातील अशी. तात्याबा, जोतिबा, आकाराम.

टाळ्या मी वाजवते.

अक्का